म्हातारा बाप धावला हो!

आमची अपर्णामावशी उज्जैनची कीर्तनकार. आजोबांकडून शिकली. ती उभी राहिली की मराठी मंडळींबरोबर मालवी बायकाही ऐकायला बसतात. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा व्यायाम करून घ्यायला स्टेला नावाची नर्स घरी यायची. एक दिवस तिनं विचारलं, "ताई, क्रिसमस पे हमारे चर्च में येशू का कीर्तन करोगी?"

"करूँगी! पर पहले पढ़ने तो दो!"

स्टेलानं बायबल आणून दिलं आणि मावशी त्यात बुडालीच. मला फोनवर फोन. "अगं, हा तर आमच्यातलाच! उपदेश करायचा की गोष्ट सांगतो. कधी हरवलेलं मेंढरू, कधी बी पेरणारा शेतकरी. आणि गाव ज्यांना दारात उभं करत नाही, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसतो!"

नाताळच्या संध्याकाळी चर्च खच्चून भरलं. पेटीवर मी, तबल्यावर सुहासदादा. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनातल्या कथेच्या भागात, मावशीनं येशूनं सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट घेतली. थोरला घरीच बापाबरोबर राबतो; धाकटा पोरगा वाटणी घेऊन घर सोडतो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. अखेर मान खाली घालून परत निघतो.

"और बाप ने दूर से देखा!" मावशी ओरडली. "बूढ़ा बाप... दौड़ा!"

आणि चिपळ्या वाजवत ती खरंच धावत सुटली, मधल्या वाटेनं थेट दारापर्यंत!

"ताई, घुटना!" स्टेला किंचाळली. सुहासदादाचा तबला असा सुटला की मला पेटीचा भाता आवरेना. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

धापा टाकत ती म्हणाली, "छोटे के लिए बाप ने दावत रखी, तो बड़ा भाई रूठकर बाहर खड़ा है। बाप उसे भी मनाने आया। वो अंदर गया कि नहीं? येशू ने बताया नहीं। आप बताओ!"

"गया!" पुढून आवाज आला.

"नहीं गया!" मागून एक आजोबा गरजले. "मैं होता तो नहीं जाता!"

हशा पिकला. पाद्रीबाबाही पोट धरून हसले. नंतर केक खातानाही वाद चालूच.

आता रामाच्या देवळातल्या बायकाही तीच गोष्ट मागतात. परवा तर मीनाकाकू भर कीर्तनात उभ्या राहिल्या: "ते राहू द्या, थोरल्याचं काय चुकलं ते आधी सांगा!"