कुंदाचं अर्धं उत्तर

फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बाजारात मेथीची जुडी उलटून पाहत होते. कुंदाचे यजमान बोलत होते. "अकोल्याला दवाखान्यात नेत होतो... वाटेतच गेली," एवढंच म्हणाले. जुडी तशीच खाली ठेवली आणि कुठल्या बाजूला चालू लागले, ते आज आठवत नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

कुंदा आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, मी मराठी. बावीस वर्षांची मैत्री. तरी दोन वर्षांपूर्वी मी तिच्यावर मनापासून चिडले होते. रिठद गावात माझ्या भावानं पालकांची सभा ठेवली होती. मोबाइलवरच्या अश्लील व्हिडिओंनी तरुण पोरं बिघडतात, हे संशोधनानं सिद्ध झालंय, एवढं कुंदानं सांगावं, अशी त्याची अपेक्षा. सभामंडप भरला होता. कुंदा उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "जे पोरं हे जास्त पाह्यतात, त्याइच्यात बाईबद्दलचे वाईट समज जास्त दिसतात, असं बऱ्याच अभ्यासांत आलं. पण पाहून समज बिघडले, का समज बिघडलेलेच जास्त पाह्यतात, हे पक्कं सांगता येत नाही. वर्षानुवर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासांचीही उत्तरं सारखी नाहीत." मागून एक गृहस्थ उठले. "मंग मॅडम, तुमी आल्याच कायले?"

परतीच्या बसमध्ये मी तिला फैलावर घेतलं. 'हो' म्हणायला काय जात होतं? ती म्हणाली, "अवं, खोटं सांगून भेव घालीन, अन् उद्या पोरानं ते पकडलं, तर माह्या खऱ्यावर तरी तो इस्वास ठेवन काय?" मला ते पळवाटीसारखं वाटलं. महिनाभर आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

त्यानंतर तिच्या वर्गातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी तिच्याकडे रडत आली. साखरपुडा झालेला, मुलगा मंगरूळपीरचा, सत्तावीस वर्षांचा, स्वतःचं दुकान असलेला. तो तिला नको ते व्हिडिओ पाठवायचा. तिनं नको म्हटलं की म्हणायचा, बायका असंच नाही नाही म्हणतात, मनात हो असते. कुंदानं मुलीला विचारलं, मी बोलू का त्याच्याशी? मुलीनं मान डोलावली. कुंदा एकटी मंगरूळपीरला गेली. मुलगा उद्धट निघेल, अशी तयारी करून गेली होती. त्यानं चहा मागवला, खाली मान घालून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, मले वाटलं असंच असते. दुसरं कोणी काही सांगितलंच नाही."

परत आल्यावर कुंदानं हे सगळं मला सांगितलं. मी म्हटलं, आता तरी मान, पोरं बिघडतात. ती म्हणाली, "एका पोरावरून सगळ्याइचं कसं सांगू? पण या पोरीचं तर खरं आहे ना..."

मुलीनं लग्नाला नकार दिला. तिचे वडील थेट स्टाफरूममध्ये आले. "तुमी शिकवा, मॅडम. सोयरीक मोडणं तुमचं काम नाही." त्या दिवसापासून कुंदा मला पुन्हा पुन्हा विचारायची, वेळ मिळाला असता, तर त्या मुलाला समजलं असतं का? मी मधे पडायची घाई केली का? तो सुधारला की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. मुलगी अंत्यदर्शनाला आली होती. घरी न सांगता आल्याचं म्हणाली, आणि कुंदाच्या पायांवर डोकं ठेवून लगेच निघून गेली.

मानसशास्त्राची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. मंगळवारी तास संपले की कुंदा तिथं दार उघडं ठेवून बसायची. ज्याला जे विचारायचं ते त्यानं यावं, विचारावं. तिच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मागच्या मंगळवारी खोली झाडून घ्यावी म्हणून मी कुलूप काढलं, तर दहा मिनिटांत एक विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. आत कुंदा नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी घुटमळला. शेवटी जमिनीकडे पाहत म्हणाला, "मॅडम, ते व्हिडिओ पाहून माणूस खरंच बिघडते काय?"

माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं.

"मले पक्कं माहीत नाही," मी म्हटलं, आणि टेबलासमोरची खुर्ची ओढली. "बस."