मेंब्रेनकाकांचं शून्य

औषधांच्या कारखान्यात त्यांना सगळे मेंब्रेनकाका म्हणत. अठरा वर्षं काम एकच: सांडपाणी मेंब्रेनमधून गाळायचं आणि त्यातलं अँटिबायोटिक नदीत जाऊ द्यायचं नाही. मेंब्रेन म्हणजे कागदाहून पातळ पडदा. काका तो इतक्या जपून धूत, की काकू म्हणायच्या, "या मायेनं कधी घरातला एक कप विसळला असता तर!"

काकांच्या जिवाला अभिमान एकाच कागदाचा. प्रयोगशाळेतून रोज यायचा: 'अँटिबायोटिक – शून्य.' खाली लॅबवाल्या भाऊंची सही. भाऊ म्हणजे अठरा वर्षं काकांच्या डब्यातली भाजी खाऊन तिला नावं ठेवणारा जिवलग.

त्या सोमवारी गाळलेलं पाणी पिवळसर आलं. दाबाचा काटाही मान टाकून बसलेला. पडदा फाटला होता. काका साहेबांकडे धावले.

"रिपोर्ट खराब आला की नवीन मागवू," साहेब म्हणाले. "तोवर चालू द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच काका आनंदानं नापास व्हायला निघाले. पिवळं पाणी बाटलीत भरून त्यांनी स्वतः भाऊंच्या टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी कागद आला. शून्य.

काका लॅबमध्ये गेले. बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. तपासणीच्या यंत्रावर कंपनीचं प्लॅस्टिक अजून तसंच. आत एक कोळी सहकुटुंब सुखानं नांदत होता.

"भाऊ, हे यंत्र कधी चालूच केलं नाहीस?"

"अरे, तुझं पाणी!" भाऊ अगदी प्रेमानं म्हणाले. "परक्याचं असतं तर तपासलं असतं. तुझ्यावर विश्वास नाही का माझा?"

काकांना हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. अठरा वर्षांत पडदे किती वेळा फाटले असतील, किती पिवळं पाणी नदीत गेलं असेल, कोण सांगणार? विचारायचं ते ज्याला, तोच समोर लाडात येऊन हसत होता.

"उद्या भाजी कुठली आहे?" भाऊंनी विचारलं.

काका बाटली उचलून बाहेर पडले. परत येऊन त्यांनी नदीकडचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळून बंद केला. टाकी भरत आली, तसा साहेबांचा फोन आला.

"पाणी का अडवलंत? रिपोर्ट शून्य आहे ना?"

"हो साहेब," काका म्हणाले, "म्हणूनच अडवलंय."