धड कापडावरचा रफू

आमचा गट गडावर जुन्या लढाया उभ्या करून दाखवतो. कपड्यांचं सगळं माझ्याकडे. यंदा ओळखीतल्या एकांनी घरात पिढ्यानपिढ्या जपलेला अंगरखा नमुन्याला दिला. शोभाताईंना त्यावरून गटाचे अंगरखे शिवायला देताना मी बजावलं, "जसाच्या तसा हवा. टाकासुद्धा बदलायचा नाही."

त्यांनी नाहीच बदलला. जुन्या अंगरख्याला डाव्या बरगडीखाली बोटभर रफू होता. तो त्यांनी प्रत्येक नव्या अंगरख्यावर, धड कापडावर, उतरवला.

"अहो ताई, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, जसाच्या तसा?"

मी चिडलेच होते. पण गटातले सगळे ते अंगरखे घालून रांगेत उभे राहिले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. प्रत्येकाच्या बरगडीखाली तीच एक जखम.

"एकाच भाल्यानं गेलो की काय आपण सगळे!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

घरी येऊन मी मूळ अंगरखा उलटा करून पाहिला. आतले टाके इतके बारीक, की बोटांना जाणवतही नव्हते. म्हणजे रफू झाल्यावर तो अंगरखा पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढणार होता. ज्याला वार लागला, त्याच्याच? की त्याच्या धाकट्या भावाच्या?

रफू उसवायला मी शोभाताईंना सांगितलं नाही. आता लढाई दाखवून झाली की घामानं भिजलेले अंगरखे माझ्याकडे येतात. घडी घालण्याआधी हात आपोआप त्या रफूवर जातो. तिथं ओल लागते. मग मी बोटं उजेडात धरून बघते, घामच आहे ना.