चार पत्रं वाचून झाली

सौदीतल्या खमीस मुशैत शहरात एका हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा मी पस्तिशीत होते. पुढची अकरा वर्षं मी चाळीसेक अरबी शब्दांवर काढली. हात द्या, दुखतंय का, हलू नका, खलास. कामापुरतं तेवढं भागायचं. नर्सिंगचा कोर्स संपला तेव्हाच मी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. नोकरी लागेपर्यंत शिकायचं, मग सुटलो, असंच आमच्या घरी सगळे मानत.

मग ती माझ्याकडे पेशंट म्हणून आली. साठी उलटलेली, समोरचे दोन दात पडलेले. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. सगळ्या तिला खाला म्हणायच्या, म्हणजे मावशी. पहिल्याच दिवशी सुई टोचून झाल्यावर तिने मोकळ्या हाताने पिशवीतून मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढलं. या वयात तिने बायकांच्या साक्षरता वर्गात नाव घातलं होतं. बाकीच्या पेशंट झोपायच्या. ही बोट ठेवून अक्षरं लावत बसायची.

मी रक्तदाब बघायला गेले की पुस्तक माझ्यापुढे धरायची. मला वाचता येत नाही म्हटल्यावर तिला केवढा आनंद झाला!

"म्हणजे आपण दोघी एकाच इयत्तेत," म्हणाली. माझ्याशी ती सोपे शब्द आणि हातवारे वापरून बोलायची, म्हणून तिचं बोलणं मला लागायचं.

'ऐन' हे अक्षर मला काही केल्या जमेना. तिने माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "इथून काढ, बिन्ती. जिभेला कशाला त्रास देतेस?" बिन्ती म्हणजे पोरी. मी घसा खरवडून आवाज काढला, तर शेजारच्या खुर्चीवरची बाई झोपेतून दचकून उठली. खाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

वर्षभरात मी रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागले. अर्थ क्वचितच कळायचा, पण अक्षरं लागायची. तिचं मात्र उलट होत गेलं. मधुमेहाने मूत्रपिंडं खाल्ली होतीच, आता डोळे चालले. आधी तिने ट्यूबलाइटखालची खुर्ची मागून घेतली. मग एक दिवस पुस्तक काढलंच नाही. "अक्षरांत काळं पाणी शिरलंय," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने कापडी पिशवीतून पत्रं काढली. अकरा होती. तिचा नवरा फौजेत होता, दूर सरहद्दीवर. लग्नानंतर काही वर्षांतच वारला.

"दीर वाचून दाखवायचा, सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "कागद दोन्ही बाजूंनी भरलेला असायचा, आणि वाचून लगेच संपायचं. तेव्हापासून मनात होतं, एकदा स्वतः वाचायची."

"मुलांना सांगा ना, खाला. शिकलेली आहेत."

तिने डोक्यावरची ओढणी तोंडावर घेतली. "नवऱ्याचं पत्र मुलाकडून वाचून घेऊ?"

मग मी वाचलं. शाई उडालेली, अक्षर गिचमिड. एकेका शब्दावर मी अडायचे, चुकीचं वाचायचे. ती तो शब्द दोन-तीन तऱ्हांनी म्हणून बघायची आणि मग गप्प व्हायची. म्हणजे सापडला. पहिल्या पत्राला पाच खेपा लागल्या. मधेच एका ओळीवर तिने माझं मनगट धरलं. "परत." मी परत वाचलं. "परत." मशीनचा आवाज चालू होता. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि तिला रडवणारे शब्द माझ्या तोंडून निघत असूनही मला त्यांचा अर्थ माहीत नव्हता.

"तुला कळलं?" तिने विचारलं.

"नाही, खाला."

"बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "हे दिराने कधीच वाचलं नव्हतं."

चार पत्रं वाचून झाली. पाचवं अर्ध्यावर असताना एका रविवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "ती वारली, शनिवारी, घरीच. तिच्या वेळेला दुसरी पेशंट घे." मी नव्या बाईचं वजन घेतलं, सुई लावली, मग औषधांच्या खोलीत जाऊन कपाटाला डोकं टेकून उभी राहिले. पत्रांचं पुढे काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. विचारायचा मला काय हक्क होता?

त्यानंतर मी ड्यूटी संपल्यावर अरबीच्या वर्गाला जायला लागले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अर्ध्या वयाच्या मुलींबरोबर. पाठांतर होत नाही, क्रियापदं आठवडाभरात विसरते. पण आता वॉर्डात बायका बोलतात ते थोडं थोडं उलगडतं. कुणी नातवाचं सांगते, कुणी भीती वाटते म्हणते. हे सगळं आधीही माझ्या कानांवर पडतच असणार. त्यातल्या कितीतरी जणी आता नाहीत. त्या काय म्हणत होत्या, ते आता कुणाला विचारू?

परवा एक म्हातारी सुईच्या आधी काहीतरी पुटपुटली. मी सुई ट्रेमध्ये ठेवली, स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "परत सांगा. सावकाश."