मंचाकडचा गोल

“हा पोरगा कॅमेऱ्याला लाजतो,” आमचे सर म्हणाले. “याला सायकॉलॉजिस्ट लावावा लागेल. कशाला ती भानगड? नको म्हणून लिहून टाक.”

समोर स्क्रीनवर बसवराजचे एकाच स्पर्धेतले, दोन सीझनचे सगळे शॉट मांडलेले होते. लाल ठिपका म्हणजे गोल, पांढरा म्हणजे वाया गेलेला शॉट. मैदानाच्या एका टोकाला लाल ठिपक्यांचा सडा पडला होता. दुसऱ्या टोकाला, जिथे कॅमेरा लावला होता त्या बाजूला, पांढरेच पांढरे. समोर एकटा गोलकीपर असताना मारलेले, अगदी गोलच्या तोंडाशी मारलेले, तेही पांढरे.

मी पुण्यातल्या एका फुटबॉल क्लबमध्ये परफॉर्मन्स अॅनालिस्ट आहे. माहेर धाराशिवचं. तिकडे माझ्या आत्याने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय की आमची पोरगी दिवसभर टीव्ही बघते अन् त्याचाच पगार घेते. यात चूक काढायला फारशी जागा नाही. मी मॅचचे व्हिडिओ बघते. शॉट कुठून मारला, कुठल्या पायाने, समोर कोण होतं, पुढे काय झालं, हे भरत जाते. मग सरांना सांगते की हा स्ट्रायकर घ्या किंवा घेऊ नका.

स्ट्रायकर म्हणजे गोल करण्यासाठीच पुढे ठेवलेला खेळाडू. मिळालेली संधी गोलमध्ये घालायचं त्याचं जे कसब, ते फिनिशिंग. ते नुसते गोल मोजून कळत नाही. गोलच्या तोंडाशी उभं राहून आत ढकललेला चेंडू आणि लांबून कोपऱ्यात बसवलेला चेंडू, स्कोअरबोर्डावर दोन्हींची किंमत एकच. म्हणून आम्ही एक्सजी नावाचा आकडा बघतो. अशाच जागेवरून, अशाच परिस्थितीत आजवर असंख्य खेळाडूंनी मारलेल्या शॉटपैकी साधारण किती आत गेले, ते काढायचं. ती त्या संधीची किंमत. सगळ्या संधींची बेरीज केली की सामान्य स्ट्रायकरने किती गोल केले असते ते समजतं. आपल्या माणसाने त्याहून जास्त केले तर कौतुक, कमी केले तर चौकशी.

बसवराजचं कौतुक आणि चौकशी दोन्ही एकाच मॅचमध्ये करावी लागत होती.

“थकत असेल,” मी म्हटलं. पण टॉस उलटा पडला की तो पहिल्याच हाफमध्ये चुकत होता. ऊन डोळ्यावर येत असेल म्हणावं, तर सकाळच्या मॅचमध्येही तेच आणि संध्याकाळच्याही. मैदानाला उतार आहे का, म्हणून मी आयोजकांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “एकदम लेव्हल हाय, मॅडम. आप्पासाहेबांनी सोता फिरून बगितलंय.”

“अर्धा स्ट्रायकर घेऊन करू काय?” सर म्हणाले. “हाफटाइमला बाजू बदलते. मग याला बेंचवर बसवू?”

बोलणं बरोबर होतं, तरी माझ्या हातून ‘नको’ लिहवेना. बसवराजशी मी एकदा फोनवर बोलले होते. पोरगा आमच्याच जिल्ह्यातल्या सास्तूरचा. वडलांचं बी-बियाण्याचं दुकान. आमच्या ट्रायलची वयोमर्यादा तो पुढच्या वर्षी ओलांडणार होता. “यंदा झालं तर झालं, ताई,” तो म्हणाला होता. “न्हायतर अण्णांनी दुकानाची किल्ली काढून ठिवलीय.” हे तो रडून नव्हे, साधं सांगत होता. त्यामुळे ते जास्त लागलं.

“सर, दोन मॅच जाऊन बघते. सोमवारी रिपोर्ट देते.”

“माहेरी जायचंय असं सरळ सांग की,” सर म्हणाले आणि रजा दिली.

स्पर्धा वाशीला होती, मुंबईजवळच्या नव्हे, आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. भरवणारे आप्पासाहेब म्हणजे तिथले जुने पुढारी. क्रिकेटचा चषक विरोधी गटाचा, कबड्डीचा त्यांच्या मेव्हण्याचा, कुस्त्या जत्रा कमिटीच्या. फुटबॉल कुणाचाच नव्हता, म्हणून यांनी धरला. वडलांच्या नावाने चषक ठेवला, मैदान सपाट केलं आणि निधी आणून पक्का सिमेंटचा मंच बांधला. तो मंच एका गोलच्या बरोबर मागे होता.

मी धाराशिवहून एसटीने पोचले, प्रेक्षकांत जागा शोधत होते, तेवढ्यात माइकवर माझं नाव घुमलं. पुण्याच्या मॅडमनी मंचावर यावं. मॅच थांबली. खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला शाल, नारळ आणि हार मिळाला. मग मला सोफ्यावर बसवलं. सोफ्याला पांढरे टॉवेल घातलेले, पुढे टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या, काजूची बशी आणि तो चषक. शेजारी तिपाईवर कॅमेरा. कॅमेरा मंचावर का, तर सावली तिथेच, लाइटची जोडणी तिथेच, आणि कॅमेरावाल्याला मुख्य काम सत्कार घ्यायचं. मॅच तो मधल्या वेळात घेई.

म्हणजे मंचावरून काढलेल्या व्हिडिओत मंच सोडून सगळं दिसत होतं. तेच व्हिडिओ मी पुण्यात बसून दोन महिने उलटेपालटे करत होते.

गोलला जाळी नव्हती. “जाळी हाय की,” आप्पासाहेब म्हणाले. “उद्घाटनाच्या फोटोला लावली होती. नवीकोरी हाय, उगं फाटंल.”

पहिल्या हाफमध्ये बसवराज पलीकडच्या गोलवर खेळत होता. दोनदा मोकळा सुटला आणि दोन्ही वेळा चेंडू असा हाणला की गोलकीपरने हात वर करेपर्यंत तो मागच्या बांधावर होता. “आप्पासाहेबांच्या आशीर्वादानं सास्तूरचा दुसरा गोल!” माइकवाला ओरडला.

दुसऱ्या हाफमध्ये तो आमच्याकडे यायला लागला. एक मस्त पास मिळाला, दोघांना मागे टाकलं, समोर फक्त गोलकीपर. बसवराजने मान वर केली. स्ट्रायकर अशा वेळी गोलकीपरकडे बघतो किंवा रिकामा कोपरा बघतो. हा त्याच्याही वरून थेट सोफ्याकडे बघत होता. पाय मागे गेला, अर्ध्यात थांबला आणि त्याने चेंडू हलकेच सरकवला. गोलकीपरने वाकून, जमिनीवर पडलेलं लिंबू उचलावं तसा तो उचलला.

मी ताडकन उभी राहिले. “अरे मार की!”

आप्पासाहेबांनी मला हाताने बसायची खूण केली. “गुणी लेकरू हाय, मॅडम. मान ठिवतंय.”

मला आधी हसू आलं आणि लगेच संताप आला. या मान ठेवण्यापायी पोराचं आयुष्य बियाण्यांच्या पोत्यांमागे जाणार होतं, आणि मान ज्यांचा ठेवला जात होता ते काजू खात होते.

मॅच संपल्यावर मी बसवराजला आणि त्यांचे कोच तुळशीराम सर, शाळेतले क्रीडाशिक्षक, यांना गाठलं.

“मंचाकडं जोरात का मारत नाहीस?”

बसवराजने सरांकडे बघितलं. सरांनी आभाळाकडे.

“तीन सालं झाली, ताई,” बसवराज म्हणाला. “पहिल्याच मॅचला म्या मंचाकडं एक हाणला. गोल झाला, पन जाळी नसल्यामुळं बॉल थेट पाव्हण्याच्या मांडीवर. हातात चहा होता. पांढरी कापडं. सगळा च्या...”

“मला मंचावर बोलावून घेतलं,” तुळशीराम सर म्हणाले. “तवापासून आमी प्रॅक्टिसच तशी घेतो. तिकडचा गोल हानायचा. मंचाकडचा गोल आत नेऊन ठिवायचा.”

“हे मला फोनवर का नाही सांगितलंस?”

“ही काय सांगायची गोष्ट हाय व्हय, ताई?” बसवराजला खरंच नवल वाटलं होतं. “मोठी मानसं बसल्यावर त्यांच्या तोंडावर कोन मारंल?”

परतीच्या एसटीत मी लॅपटॉप उघडला आणि त्या मैदानावर खेळलेल्या बाकीच्या स्ट्रायकरचे शॉट काढले. सगळ्यांची तीच गत. सगळा जिल्हाच त्या टोकाला नम्र होता.

मी पुण्याला आमच्या सरांना फोन लावला. ते पुष्कळ वेळ हसले, मग म्हणाले, “पाहुणे हा व्हेरिएबल कुठल्या कोर्समध्ये शिकवतात? हे बघ, चुकलेल्या प्रत्येक स्ट्रायकरकडे सबब असते. मैदान वाईट आहे हे तू दाखवलंस. पोरगा चांगला आहे हे कुठे दाखवलंस?”

हेही बरोबरच होतं. मंचाकडे जोरात मारलेला एकही शॉट माझ्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सेमीफायनलच्या आधी मी आप्पासाहेबांना भेटले. मंच हलवता येईल का, विचारलं. सिमेंटचा मंच कसा हलवणार, आणि त्याचं तोंड मुद्दाम पूर्वेला केलेलं. बरं, निदान जाळी लावा. ती फायनलला लावू, फोटोच्या वेळी. मग पाहुण्यांना एका मॅचपुरतं मैदानाच्या बाजूला, प्रेक्षकांजवळ बसवता येईल का? आप्पासाहेब माझ्याकडे काळजीने बघायला लागले.

“मॅडम, बाजूला बसलो तर पाव्हणा कोन अन् बघ्या कोन, कसं कळावं?”

सेमीफायनल सुरू झाली. सास्तूर पहिल्या हाफमध्ये आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून आत गेलेल्या एका गोलने मागे होतं. हाफटाइमनंतर ते मंचाच्या बाजूला मारणार होते, म्हणजे कारभार आटोपलाच. मी रिपोर्टचं पहिलं वाक्य मनात जुळवायला लागले. तेवढ्यात मंचावरचे सगळे फोन एकदम वाजले. मंत्री ठरल्यापेक्षा लवकर धाराशिवच्या रेस्ट हाऊसला पोचले होते. आप्पासाहेब उठले, त्यांच्यामागे पाहुणे, पाहुण्यांमागे माइकवाला, हार घेऊन बसलेली मंडळी आणि काजूची बशी. पाच-सहा गाड्या धुरळा उडवत गेल्या. मी पण घाईने उतरून बांधावर जाऊन बसले. मंचावर फक्त सोफा आणि चषक उरला. कॅमेरा चालूच होता, बंद करायला कुणी नव्हतं.

दुसरा हाफ सुरू झाला आणि बसवराज सुटला. एकटा गोलकीपर समोर. आणि त्याने परत हलकेच सरकवला. रिकाम्या सोफ्याचाही मान ठेवला.

मी कपाळाला हात लावला. तुळशीराम सर मात्र रेषेपर्यंत धावत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्यासारखे ओरडले, “बस्या! मंच मोकळा हाय!”

बसवराजने बघितलं. खात्री करायला पुन्हा एकदा बघितलं. पुढचा पास आला तेव्हा तो पेनल्टी एरियाच्या बाहेर होता, वळायलाही जागा नव्हती. असल्या संधीची किंमत आमच्या हिशेबात जवळजवळ शून्य धरतात. त्याने ती डाव्या पायाने अशी मारली की चेंडू खांबाच्या आतून गेला आणि सोफ्याच्या पाठीवर धाडकन आदळला. टॉवेल उडाले. पुढच्याने पाण्याच्या बाटल्या लोळवल्या. तिसऱ्याने चषकच खाली पाडला. मी बांधावर उभी राहून गळा फाडून ओरडत होते. अॅनालिस्टने असं करू नये, हे मला माहीत आहे.

फायनलला मंत्री आले. जाळी लागली, फोटो झाला, जाळी निघाली. मंच गच्च भरला, पलीकडचा गोल राखायची पाळी आली की दोन्ही संघ अख्खेच्या अख्खे त्याच्यासमोर उभे राहिले आणि मॅच शून्य-शून्य सुटली. टायब्रेकर घ्यायचा तर पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून मंचाकडच्याच गोलवर घेतला. दोन्ही संघांनी सगळ्या पेनल्टी आदराने सरकवल्या आणि दोन्ही गोलकीपरनी सगळ्या उचलल्या. शेवटी नाणं उडवलं. सास्तूर हरलं. मंत्र्यांनी भाषणात सांगितलं की या जिल्ह्यात गोलकीपर फार उत्तम तयार होतात, त्यांच्यासाठी अकादमी काढू.

सोमवारी मी रिपोर्ट दिला. शॉटच्या तक्त्यात एक जादा कॉलम घातला होता, ‘मंच : भरलेला / मोकळा’. सोबत सेमीफायनलचा व्हिडिओ.

“एका हाफचा डेटा,” सर म्हणाले.

“एका हाफचाच. म्हणून घ्या म्हणत नाही. ट्रायलला बोलवा म्हणते. आपल्या मैदानावर सोफा नाहीये.”

त्यांनी बोलावलं. ट्रायलला बसवराजने दोन्ही बाजूंना सारखंच हाणलं. आमच्या राखीव संघात तो आला आणि सीझन संपायच्या आत मुख्य संघात. मुख्य संघातल्या पहिल्या गोलनंतर त्याचा फोन आला. मागून दुकानातला गलका ऐकू येत होता. सुट्टीला घरी गेला होता, आणि अण्णा गिऱ्हाइकांना बियाणं द्यायचं सोडून मोबाइलवर गोल दाखवत होते.

पुढच्या वर्षी आप्पासाहेबांनी बसवराजचा सत्कार ठेवला. मलाही बोलावणं होतं. मंच तोच, जाळी तशीच नवीकोरी. प्रमुख पाहुणा म्हणून बसवराज मधल्या सोफ्यावर, गळ्यात हार, अंगावर शाल, अवघडून बसलेला. समोर वाशीच्या संघातला एक चपळ पोरगा सुटला. बचाव मागे पडला, गोलकीपर पुढे आला, कोपरा सगळा उघडा. पोराने मान वर करून बसवराजकडे बघितलं, पाय आवरला आणि चेंडू हलकेच सरकवला.

बसवराज शालीसकट उभा राहिला. “अरे मार की! मी हाय, बस्या! मार!”

पोराने लांबूनच त्याला हात जोडले.

आप्पासाहेबांनी बसवराजला बाहीला धरून खाली बसवलं. “बसा, साहेब. आता सवय करून घ्या.”

त्या पोराचं नाव मी लिहून घेतलं. पुढे फिनिशिंगच्या रकान्यात लिहिलं : मंच मोकळा असताना पुन्हा बघणे.