मीटरचा नकार

कापडबाजारात त्याला सगळे मीटर म्हणायचे. गिऱ्हाईक अजून पायरीवर असायचं, तेवढ्यात याचं ठरलेलं असायचं की या देहाला किती कापड लागेल. सव्वीस वर्षांत तो अंदाज बोटभरसुद्धा चुकला नव्हता. खरं नाव होतंच, पण ते रेशनकार्डावर. घरात बायकोसुद्धा चिडली की मीटरच म्हणायची.

त्याचं शहर नदीच्या अलीकडे. पलीकडे दुसरं शहर. मधे एक लांबलचक पूल आणि बसचा सव्वा तास. या दोन शहरांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. अलीकडचे म्हणायचे, पैसा आमच्याकडे आहे. पलीकडचे म्हणायचे, असेल, पण तो सांभाळायला शिकलेला माणूस आमच्याकडूनच न्यावा लागतो. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं. अलीकडे श्रीमंती लपवायची रीत. मीटर ज्या दुकानात कामाला होता, त्याच्या मालकाच्या तीन इमारती होत्या आणि शर्टाची कॉलर विरलेली. पलीकडे दोन खोल्यांत राहणाऱ्या मास्तरच्या दारावर पदव्यांची एवढी मोठी पाटी, की आधी पाटी वाचावी आणि मग दार शोधावं.

पण खरा फरक होता खरेदीत. पलीकडे वस्तूवर भाव छापलेला. घ्यायची तर घ्या, नाहीतर दार उघडंच आहे. अलीकडे अशी खरेदी म्हणजे अपमान. इथला पहिला नियम, पहिल्यांदा दाखवतात तो माल कधीच चांगला नसतो. चांगलं ठाण काउंटरखाली असतं आणि ते मागणाऱ्यालाच मिळतं. दुसरा नियम, नको म्हणायचं, उठायचं आणि चालू लागायचं. चौथ्या पावलाला दुकानदार हाक मारतो. मीटर नव्या माणसांना शिकवायचा, "तिसऱ्या पावलाला हाक मारणारा गरजू, पाचव्याला मारणारा आळशी. चौथं पाऊल सोडू नका." पलीकडून आलेलं गिऱ्हाईक पहिला भाव ऐकून मुकाट पैसे काढायचं, तेव्हा बाजाराला हसू आवरायचं नाही. एवढं शिकून उपयोग काय, असं मीटर म्हणायचा, आणि ते त्याला मनापासून वाटायचं.

आता गंमत अशी, की याच मीटरच्या पोरीला शिकायचं होतं. तेही पूल कसे बांधतात ते. हे शिकवणारं सरकारी कॉलेज दोन्ही शहरांत मिळून एकच, आणि ते अर्थातच पलीकडे. पोरीनं दोन वर्षं मान वर केली नाही. यादीत तिचा नंबर लागला एकसष्टावा. बाजारात मीटरनं कोणाला सांगितलं नाही. सांगायचं ते जागा हातात पडल्यावरच.

प्रवेशाच्या दिवशी दोघं सकाळच्या पहिल्या बसनं गेले. कॉलेजचा हॉल मोठा, पंखे उंच, भिंतीवर एक फळा. फळ्यावर विषय, त्यापुढे सकाळ आणि दुपार असे दोन वर्ग, आणि त्याखाली उरलेल्या जागा. नंबर पुकारला की टेबलापाशी जायचं, फळ्यावर आहे त्यातलं घ्यायचं, सही करायची. टेबलामागे जाड चष्म्याची एक बाई. तिच्या आवाजात राग नव्हता आणि गोडवाही नव्हता. मीटरला ते आवडलं नाही. गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?

एकसष्ट पुकारला तेव्हा साडेबारा वाजले होते. बापलेक समोर बसले.

"स्थापत्य, सकाळ भरलंय," बाई म्हणाली. "दुपारच्या नऊ जागा आहेत. घेणार?"

पोरगी हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मीटरनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुपारचा वर्ग संध्याकाळी आठला सुटतो, वसतिगृह भरलेलं, म्हणजे पोर घरी पोचायला दहा. काळजी खोटी नव्हती. पण काळजीच्या वर त्याची सव्वीस वर्षं बसली होती. नऊ जागा उघड्यावर मांडल्यात, याचा अर्थ दहावी चांगली जागा काउंटरखाली आहे, हे त्याला दिवसाढवळ्या दिसत होतं.

"सकाळचं दाखवा ना बाई," तो हसून म्हणाला.

"भरलंय. फळ्यावर लिहिलंय."

"फळ्यावर असतंच हो. आम्ही काय आजचे आहोत का? चांगली हुशार पोर आहे. बघा जरा आत."

"आत काही नसतं. दुपार घेणार की नाही?"

"मग राहू द्या," मीटर म्हणाला. त्यानं कागदांची पिशवी उचलली, पोरीचं मनगट धरलं आणि उठला.

एक पाऊल. दोन. पोरगीही याच बाजारात वाढलेली. बापाच्या पाठीमागे चालताना तिलाही खरंच वाटलं, की आता हाक येणार. तीन. चार.

हाक आली. "बासष्ट."

मीटर वळला. त्यांच्या खुर्चीत एक पोरगा आधीच बसला होता. बाईनं त्याला तोच प्रश्न विचारला, त्यानं मान हलवली, सही केली. शिपायानं फळ्यावरचा नऊ पुसला आणि आठ लिहिला. सगळं मिळून दोन मिनिटं.

"बाई, आम्ही घेतो हो दुपारचं," मीटर धावत जाऊन म्हणाला.

"तुम्ही नकार दिलात. नोंद झाली." बाईनं रजिस्टर वळवून दाखवलं. एकसष्टच्या पुढे लाल शाईत 'नकार' लिहिलं होतं. "यादी संपल्यावर जागा उरली तर बघू. तिकडे बसा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे चौदा नंबर होते आणि जागा आठ. मीटरच्या तोंडचं पाणी पळालं. तो मागच्या बाकावर बसला. पोरगी शेजारी बसली, पण मधे पिशवी ठेवून.

"मला वाटलं बोलावतील," तो म्हणाला.

ती फळ्याकडे बघत होती. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्रेसष्टनं यंत्राचा विषय घेतला, चौसष्टनं वीज. मग लागोपाठ दोघांनी स्थापत्य मागितलं. सहा. दर नंबराला मीटर येणाऱ्याच्या चालण्याकडे बघायचा आणि ओळखायचा, हा घेणार, हा नाही. त्याची नजर इथेही चुकत नव्हती, फक्त तिचा काही उपयोग नव्हता. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा फळ्यावर चार होते. डबा बायकोनं दिला होता, तो दोघांनीही उघडला नाही.

पोरगी पाणी प्यायला गेली तेवढ्यात मीटरला राहवलं नाही. जित्याची खोड. फळा पुसणारा शिपाई दारात उभा होता, त्याच्याजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "दादा, तुमच्या अंगाला सव्वातीन मीटर लागेल. उत्तम सुटाचं कापड आणून देतो, घरपोच. बाईंच्या कानावर फक्त एक शब्द घाला."

शिपायानं त्याच्याकडे बघितलं. चिडून नाही, उलट ओशाळून, जणू चूक त्याचीच होती. "काका, हे परत बोलू नका. बाईंनी ऐकलं तर पोरीचं नावच काढतील. मी ऐकलं नाही असं समजतो."

मीटर मागे वळला तर पोरगी हातात पेला घेऊन उभी. तिनं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आता तुम्ही काहीही करू नका. प्लीज. नुसतं बसा."

आयुष्यात त्याला कोणी नुसतं बसायला सांगितलं नव्हतं. तो बसला. त्याला लाज वाटत होती, आणि ती झटकायला हातात काहीच नव्हतं, ना कात्री, ना ठाण.

दुपारनंतर हॉल रिकामा होत गेला. एकाहत्तर, तीन. त्र्याहत्तर, दोन. चौऱ्याहत्तरला एक मुलगी आली आईबरोबर. आईनं विचारलं, "आठला सुटल्यावर बस असते का?" बाई म्हणाली, "असते. सव्वाआठची." त्यांनी सही केली. एवढा साधा प्रश्न होता. तो आपण का विचारला नाही, हे मीटरला कळेना. फळ्यावर एक राहिला.

पंच्याहत्तरनं वीज घेतली. पोरीनं श्वास सोडला, तो मीटरला ऐकू आला.

"शहात्तर," बाईनं पुकारलं. कोणी उठलं नाही. "शहात्तर." शिपाई बाहेर जाऊन ओरडून आला. मीटरनं दाराकडे बघितलं नाही. जिन्यावर पावलं वाजली, जवळ आली, आणि दारावरून पुढे निघून गेली. "शहात्तर, तिसऱ्यांदा." बाईनं घड्याळ बघितलं, रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि मग मान वर केली.

"एकसष्ट."

या वेळी पोरगी पुढे आणि मीटर मागे.

"नकार विद्यार्थ्यानं स्वतः दिला असेल तर मला काही करता येत नाही," बाई म्हणाली. "तुझं वय अठराच्या वर आहे. तुझ्या संमतीशिवाय दुसऱ्यानं दिला असेल तर तो धरत नाहीत. तसं असेल तर अर्ज लिहून दे. नसेल तर ही जागा पुढच्या फेरीत जाईल."

तिनं कोरा कागद सरकवला. पोरगी पेन घेऊन बसली. मग लिहिलं, 'इथली पद्धत आम्हाला कळली नाही, म्हणून नकार दिला गेला.' मीटरला खांद्यावरून दिसत होतं.

बाईनं वाचलं आणि कागद परत केला. "आम्हाला म्हटलंस तर नकार तुझाही होतो. आम्हाला कळलं नाही, की वडिलांना?"

पोरीनं पेन 'आम्हाला'वर टेकवलं. ती चार पावलं तीही चालली होती, हे तिला माहीत होतं आणि मीटरलाही. बाईनं आपल्या पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"वडिलांना," मीटर म्हणाला. "लिही पोरी. तिला विचारलंसुद्धा नाही बाई मी. हात धरून उठवलं."

"बाबा, पण..."

"लिही. वडिलांना कळलं नाही, असं लिही."

तिनं 'आम्हाला' वर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'माझ्या वडिलांना' लिहिलं. तिचे डोळे भरले होते, पण अक्षर नीट आलं. बाईनं कागद घेतला, पुन्हा एकदा वाचला, आणि मजकूर खरा असल्याबद्दल खाली साक्षीदाराची सही लागेल म्हणाली. कॉलेजची माणसं सोडली तर हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मीटरनं पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.