भोकं पाडलेलं मडकं

"जनाआजीचा पलंग बाहेर काढलान गो. आता काय, आजी परत..."

आणि नेमकी तेव्हाच गिरण चालू झाली.

आता तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? पुढचे चार शब्द कानावर पडले असते, तर एका पोरीचं लग्न माझ्यामुळे मोडता मोडता राहिलं, ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण गिरणीला कुठं कळतं, कोणतं वाक्य अर्धवट तोडू नये ते.

बोलत होती सुगंधा, आमच्याच वाडीतली. मी तांदळाचा डबा घेऊन मागे उभी. माझं दळण होईपर्यंत सुगंधा पीठ घेऊन गेलीसुद्धा. तिच्यामागे धावले असते, पण शनिवारी आमच्या गिरणीवर नंबर सोडणं म्हणजे दुसऱ्या दिवशी बिनभाकरीचं बसणं.

पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत आमची वाडी. जनाआजी माझी शेजारीण. माझ्या आणि तिच्या परसात फक्त एक मेंदीचं कुंपण, आणि तेही मला बघायला बरं पडावं म्हणून मी कमी उंचीचं ठेवलेलं. मी चौकस आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. शेजारच्या घरात काय चाललंय हे ज्याला माहीत नाही, तो शेजारी कसला?

आजीचे गुडघे गेलेले, म्हणून ती सव गावाला लेकीकडे गेली होती, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकायला. आठ दिवसांत येते म्हणाली होती. पंधरवडा उलटला तरी पत्ता नव्हता. आणि आता पलंग बाहेर. आमच्याकडे माणसाचा पलंग अंथरुणासकट अंगणात कधी काढतात, हे लहान पोराला पण ठाऊक हाय.

घरी आल्याबरोबर डबा ठेवला आणि कुंपणाशी गेले. खरंच, पलंग फणसाला टेकवून उभा केलेला. गादी उन्हात. मंदा, म्हणजे आजीची सून, बादलीवर बादली ओतून अख्खं घर धूत होती. डोळे लालभडक.

"मंदे, काय झालं गो?"

"काय नाय. डोळ्यात चुना गेला."

"शनिवारचा चुना काढलास?"

"लावावासा वाटला, लावला," म्हणाली, आणि तोंड फिरवून आत गेली.

मंदा माझ्यापासून काही लपवत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुंपणाशी येऊन सांगते. तीच बाई तोंड फिरवते म्हणजे काय समजायचं?

तेवढ्यात तिचा नवरा, बाळूभावजी, मोटरसायकलवरून आला. मागे बांबू बांधलेला. लांबलचक, हिरवागार. आणि भावजींच्या ओठावर मिशी नव्हती. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात सासऱ्याने सांगूनसुद्धा मिशीला कात्री लावू दिली नव्हती, त्याची मिशी गायब. तरी मी म्हटलं, सुमन, घाई करू नको. नीट बघ.

नीट बघितलं. भावजी ओट्यावर बसले, माळ्यावरचं जुनं मडकं पुढ्यात घेतलं आणि त्याला भोक पाडायला लागले.

मडक्याला भोक कोण पाडतं, सांगा बघू? पाण्याने भरलेलं, खांद्यावर घेतलेलं, भोक पाडलेलं मडकं तुम्ही कुठं बघितलंय? सांगू नका. संध्याकाळची वेळ नसली तरी नको.

मला रडूच फुटलं. आजी गेली याचं तर होतंच, पण त्याहून जास्त याचं की मला कळवलं नाही. मी आजीची वेणी घातलीय, पाय चेपलेत, तिच्या आजारपणात रात्र-रात्र बसलेय. आणि माझ्याशीच पडदा? संध्याकाळी आमचे हे एमआयडीसीतून ड्यूटी करून आले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊन विचार ना सरळ."

"असं कुणी विचारतं का? मेलं का म्हणून?"

"मग गप्प बस."

हे मला जमत असतं तर आणखी काय पाहिजे होतं.

रविवारी सकाळी उरलासुरला संशय पण फिटला. एक गाडी शेजारी येऊन थांबली. मागच्या सीटवर शाल पांघरलेलं कोणीतरी. बाळूभावजींनी आणि ड्रायव्हरने त्या माणसाला उचललं आणि हळूहळू आत नेलं. माझा चष्मा घरात होता. पण शाल मी ओळखली. गेल्या दिवाळीला मीच तर आजीला दिली होती.

म्हटलं, सुमन, आता रुसायची वेळ नाय. शेजारधर्म पहिला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पहिला घास शेजाऱ्यांनी न्यायचा असतो. मोठं टोप भरून पिठलं टाकलं, साधं, फोडणी न देता, रीतीप्रमाणे. दुसऱ्या टोपात भात. भात रटरटत होता तेवढ्यात आठवलं, आमची निम्मी वाडी मुंबईला, त्यांना कोण कळवणार? वाडीच्या ग्रुपवर बोलून टाकलं, "जनाआजी गेल्या हो. आजच उचलणार. ज्यांना यायचं त्यांनी निघा." लिहायला मला वेळ लागतो, बोलायला नाही.

मग आजूबाजूच्या चार बायकांना गोळा केलं. सुगंधा त्यात नव्हती, ती माहेरी गेलेली, नाहीतर तिथंच निकाल लागला असता. दारात एक मोठी गाडी पण आली होती. पाहुणे जमायला लागले म्हणायचे. मी पुढं, डोक्यावर पदर, हातात पिठल्याचं टोप. मागून बायका. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मोठ्याने गळा काढला, "आजे गो, मला न सांगता कशी गेलीस..."

आत चमच्यांची किणकिण चालली होती, ती थांबली.

मी पदर बाजूला केला. समोर पलंग. तोच फणसाला टेकवलेला पलंग, पण निळा रंग दिलेला, पाठीला तक्के, वर रंगीबेरंगी गोधडी. त्याच्यावर एक बाई, एक गृहस्थ आणि मध्ये एक नवाकोरा शर्ट घातलेला मुलगा. तिघांच्या हातात पोह्याच्या बश्या. आणि समोर चहाचा ट्रे घेऊन, साडी नेसून, मंदाची लेक काजल.

आमच्याकडे मुलीला बघायला येणार असले की जमेपर्यंत चुलीला पण सांगत नाहीत. कोणी मोडता घालेल म्हणून. आणि वाडीत मोडता घालणाऱ्यांत माझं नाव पहिलं असेल, हे मला त्या क्षणी कळलं.

"कोण गेलं गो सुमे?"

कोपऱ्यातून आवाज आला. जनाआजी खुर्चीत बसली होती. माझी शाल पांघरून. गुडघ्यांनी चालवत नव्हतं म्हणून उचलून आणलेली.

माझ्या मागच्या बायका एकेक करून मागच्या मागे सटकल्या. मी सटकू शकले नाही, हातात टोप होतं.

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. खेडची माणसं, कशेडीचा बोगदा झाल्यापासून अकराला येतो सांगून दहाला पोचतात. पण निघायची घाई त्याहून जास्त दिसली.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली, "शुभकामाला आलो आणि दारात रडणं. हे काय बरं नाय."

काजलने चहाचा ट्रे समोरच्या पेटीवर ठेवला. मंदाने माझ्याकडे असं बघितलं की मेंदीच्या कुंपणाच्या जागी आता भिंतच येणार, हे मला कळून चुकलं.

त्यात बाळूभावजींचा फोन वाजला. मुंबईहून. त्यांनी घाबरून चुकीचं बटण दाबलं, आणि सगळ्या खोलीला ऐकू गेलं, "बाळूदादा, आम्ही निघालोय. कितीला उचलणार?"

"दे इकडं," आजी म्हणाली. फोन घेतला. "मी बोलतेय. आत्ता पोहे खातेय. मला उचलायला दोघं लागतात, ती दोघं हायत इथं. तुम्ही आपापल्या कामाला जा." आणि मुलाच्या आईकडे वळली. "बसा हो बाई. जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. तुमच्याकडे म्हणतात ना असं?"

"म्हणतात," ती बाई म्हणाली. उठली होती ती अर्धी बसली.

"मग. सुमीने माझी दहा वर्षं वाढवलीन. आता नातीचं लग्न बघितल्याशिवाय मी हलत नाय. अपशकुन कसला त्याच्यात?"

ती बाई पुरती बसली, पण कपाळावरची आठी तशीच. मी तेव्हा निघून जायला पाहिजे होतं. पण वर नजर गेली. छपराला मडकं टांगलेलं. भोकंच भोकं.

"पण मडक्याला भोकं कशाला?" तोंडातून निघून गेलंच. माझा स्वभाव.

काजलने खिडकीचा पडदा ओढला आणि बटण दाबलं. मडक्यात दिवा होता. अख्ख्या भिंतीवर, तक्क्यांवर, मुलाच्या आईच्या पदरावर उजेडाचे ठिपके पडले, रांगोळीसारखे. पडदा लावला होता त्याच हिरव्या बांबूवर.

"अगो बाई," मुलाची आई म्हणाली. "हे कुठनं मागवलंत?"

"मुंबईहून," मंदा पटकन म्हणाली.

आणि इथं मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. शपथ सांगते, मला वाटलं मी मदत करतेय.

"मुंबईहून कुठलं गो मंदे? काल भावजी ओट्यावर भोकं पाडत होते की. बाई, हे मडकं माळ्यावरचं, पावसाळ्यात ह्यात सुकट ठेवायचे. हा पलंग आजीच्या सासऱ्यांचा. गोधडी बघा, हा तुकडा मंदाच्या डोहाळजेवणाच्या साडीचा, हा काजलच्या शाळेच्या फ्रॉकचा. तुमचा चहा ठेवलाय ती पेटी आजी लग्नात माहेरून घेऊन आली, खाली गंज होता, घासून काढलेला दिसतोय. भिंतीवरचं सूप, त्यात मी स्वतः तांदूळ पाखडलेत. आणि ती फुलं ठेवलीत ना कोपऱ्यात, तो बंब माझा. तळ गेलेला. आमच्या कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. पोरीने मागितला, मला वाटलं भंगारात घालेल."

मंदाने डोळे मिटून घेतले. काजल पदराचं टोक पिळत उभी होती. आता सगळं संपलं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं.

मुलाची आई उठली. निघाली, असं मला वाटलं. ती बंबाशी गेली, वाकून बघितलं, हात फिरवला.

"आमच्या परसात असाच पडलाय. आणि माळा भरून पेट्या. मी ह्यांना म्हणते विका, हे म्हणतात राहू दे." मग काजलकडे बघून म्हणाली, "तू केलंस हे सगळं?"

"रंग मी दिला. भोकं बाबांनी पाडली."

"दुकानातनं काय आणलं?"

काजलने विचार केला. "दिवा. आणि रंगाचा डबा."

"बाळूच्या मिशीचा रंग पण," आजी म्हणाली. "तो नीट बसला नाय म्हणून मिशीच काढलीन."

पहिल्यांदा हसला तो मुलगा. मग त्याचे वडील. मग ती बाई, तोंडाला पदर लावून, आणि तेव्हा मला समजलं की बोगद्यातून आलेली माणसं इतक्यात परत जात नाहीत.

जेवण मात्र तयार नव्हतं. अकराचा हिशोब धरलेला, कोंबडं अजून अंगणात फिरत होतं.

"सुमे," आजी म्हणाली, "माझ्या नावाने काय आणलंस?"

"पिठलं," मी मान खाली घालून म्हटलं. "बिनफोडणीचं."

"मग आत जा आणि फोडणी दे. लसूण ठेचून घाल. माझं जेवण आहे, मी वाढणार ज्याला पाहिजे त्याला."

मी मंदाच्या चुलीवर फोडणी दिली. मिरची अशी तडतडली की पाहुणे बाहेर शिंकायला लागले. मंदा शेजारी उभी, बोलत नव्हती. पण लसूण सोलून दिलान. ते पुरे होतं. पंगत बसली, आणि मुलाने पिठलं परत मागितलं. मुलाच्या आईने पण. सांगायला लाज कशाला, माझ्या पिठल्याला वाडीत तोड नाही. मयतासाठी केलं असलं म्हणून काय झालं?

जमलं. लग्न पण झालं. खेडच्या घरी आता माळा रिकामा झालाय आणि बंबात फुलं आहेत, असं काजल सांगते. वाडीत हे लग्न कोणी जमवलं असं कोणी विचारलं, की मी ताठ मानेने सांगते, अर्धं माझ्या बंबाने, अर्धं माझ्या पिठल्याने. कुंपणाच्या जागी भिंत आली नाही. मेंदी मात्र मंदाने थोडी वाढू दिलीय. टाचा वर केल्या की दिसतं.

सुगंधा माहेराहून आल्यावर तिला मी पकडलंच. "त्या दिवशी गिरणीवर काय म्हणत होतीस? आजी परत, पुढं काय?"

"पुढं काय? आजी परत त्या पलंगावर झोपायची नाय, म्हटलं. नात त्याचा सोफा करतेय."

म्हणजे बातमी अगदीच खोटी नव्हती. आजी खरंच परत त्या पलंगावर झोपली नाही. मंदा आता त्याला हात लावू देत नाही, गोधडीला सुरकुती पडते म्हणते. त्यामुळे दुपारची आजी माझ्याकडे येते, माझ्या साध्या खाटेवर आडवी होते. मी ताट वाढून आणते. ती उठून बसते, ताटावरचं झाकण उचलते, आणि पहिला घास घेण्याआधी रोज न चुकता वास घेऊन बघते.

"सुमे, फोडणी दिलीस ना गो?"